आबांची महाधमनी

माझ्या बापाला त्याच्याच रक्तातल्या पेशींनी मारलं.

आणि त्या पेशी मोजणं ही माझी नोकरी आहे.

आज आबांना जाऊन एक वर्ष झालं.

आबा मूळचे धुळ्याकडचे. विशीत सुरतला आले. आधी पांडेसऱ्याच्या मिलमध्ये, मग पलसाण्याच्या. कापड रंगवायच्या मशीनवर उभे राहिले ते शेवटच्या दिवसापर्यंत. तोंडात कायम विडी. घरात अहिराणी, मिलमध्ये गुजराती.

मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली होती. खडा किरकोळ निघाला, पण पोटातली महाधमनी फुग्यासारखी फुगलेली दिसली. चार पॉइंट सात सेंटीमीटर.

डॉक्टर म्हणाले, "साडेपाच सेंटीमीटरपर्यंत थांबू. त्याआधी ऑपरेशनचाच धोका जास्त. विडी बंद करा आणि सोनोग्राफी चुकवू नका."

"फुगणं थांबवायला औषध?" मी विचारलं.

"बीपीचं देतो. फुगा थांबवणारं औषध अजून नाही."

आबांनी त्याच दिवशी विडी सोडली. चाळीस वर्षांची सवय, एका दिवसात.

मिलमध्ये मात्र चहाच्या वेळी शर्ट वर करून सगळ्यांना पोटातली धडधड दाखवायचे. "जो, धडके छे ने?" आई कपाळावर हात मारून घ्यायची.

मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तिथे याच आजारावर प्रोजेक्ट चालू होता. मी सरांकडे जाऊन तो मागून घेतला. ऑपरेशनमध्ये काढलेले धमनीचे तुकडे आमच्याकडे येतात. त्यांचे पातळ काप करायचे, रंगवायचे, मायक्रोस्कोपखाली पेशी मोजायच्या.

एका रविवारी जेवताना आबांनी विचारलं, "तू तठे काय मोजस?"

मी सांगितलं. जंतू आले की धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यातल्या काही धमनीच्या भिंतीत शिरतात आणि तिथेच ठाण मांडतात. त्यांच्यातून जे रस सुटतात त्यांनी भिंतीतले लवचीक धागे विरघळतात. मग त्या आणखी पेशींना बोलावतात. भिंत कमजोर होत जाते, फुगत जाते.

"तठे जंतू ऱ्हातस का?"

"नाही, आबा."

"मंग कसाले येतस त्या?"

विडीचा धूर, वय, बीपी... मी काहीतरी सांगत राहिले. पूर्ण उत्तर कोणाकडेच नाही.

"आपल्याच शेतस ना त्या?" आपल्याच आहेत ना, एवढंच म्हणाले आणि भाकरी मोडली.

पुढच्या सोनोग्राफीत पाच पॉइंट एक. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी बोलावलं.

दुसऱ्याच महिन्यात, एका सकाळी, आबा बूट घालता घालता म्हणाले, "कंबर दुखी राहिनी."

मी डबा भरत होते. मला उशीर झाला होता.

"काल तागे उचलले असतील. मलम लावून जा."

हे मी म्हणाले. मी. रोज त्याच आजाराच्या स्लाइड बघणारी, असं अचानक कंबर दुखणं ही धमनी फुटायला आल्याची खूण असू शकते हे ठाऊक असलेली.

ते मलम लावून गेले.

दुपारी मिलमधून फोन आला, तुझे पप्पा पडले म्हणून. "तारा पप्पा पडी गया. जलदी आव."

हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. पोट टम्म. धमनी फुटली होती. ऑपरेशनची तयारी चालू होती.

मला बघून हळूच म्हणाले, "काम सोडीसन उनी का?" मी काम सोडून आले, याचीच त्यांना काळजी.

ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंतही पोचले नाहीत.

पंधरा दिवसांनी मी परत लॅबमध्ये गेले. पहिली स्लाइड लावली. तुटलेले धागे, भोवती रंगवलेल्या पेशींच्या तपकिरी ठिपक्यांची गर्दी. मोजले. आकडा लिहिला. बाथरूममध्ये जाऊन रडले. परत येऊन दुसरी लावली.

लोक म्हणतात, तुझ्या कामातून उद्या कोणाचा तरी बाप वाचेल.

असेलही. मला तसं वाटत नाही. वर्षभर फक्त मोजतेय. औषध तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

आई मला त्या सकाळबद्दल दोष देत नाही. कधीच दिला नाही.

आबा, त्या सकाळी मी तुम्हाला जाऊ द्यायला नको होतं.

माफी मागून काही होत नाही, तरी मागते.

जड मनाने नमस्कार, आबा.