कुंपणावरची करटोली

यमू, दिनू, आज जे लिहिते आहे ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — तुमच्या आजोबांनाही नाही. त्यांना शेवटपर्यंत वाटत होते की माझ्या पोटात काही राहत नाही.

मग आताच का? यमूच्या पत्रामुळे. रंगूनच्या तुमच्या शाळेत शिकवले की एका फुलाची पूड दुसऱ्या फुलाला लागल्याशिवाय फळ धरत नाही, आणि ती पूड पाखरे आणि किडे नेतात. यमू विचारते, आपल्या ठाण्याच्या झाडांचेही असेच असते का? असते, बाळ. हे लिहिताना समोर अंगणातला पांगारा लाल झाला आहे. साळुंक्या त्याच्या फुलांत डोके खुपसतात, मध पितात, आणि कपाळाला पूड माखून पुढच्या फुलाकडे जातात. त्यांना वाटते आपण पोट भरतो आहोत. झाडाचे काम त्यातच होऊन जाते.

एवढे लिहून मी पत्र संपवणार होते. पण लेखणी खाली ठेववेना. हेच ज्ञान एकदा एका बाईला वाचवू शकले असते — आणि ते माझ्याजवळ होते.

तुमच्या बापाचा जन्म व्हायचा होता तेव्हाची गोष्ट. आजोबांना रेल्वेच्या कचेरीत कारकुनी मिळाली आणि आम्ही कल्याणला बिऱ्हाड केले. शेजारी एक आगरी कुटुंब होते. खाडीकडे त्यांची भातशेती आणि मिठागर. हिराय ही सासू आणि मंजुळा तिची सून. मंजुळा माझ्याच वयाची. लग्नाला सहा वर्षे होऊनही तिला मूल नव्हते. मलाही तेव्हा नव्हते — पण मला कोणी काही म्हणत नसे. असे का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

करटोली तुम्ही खाल्ली नसतील. कारल्याची धाकटी बहीण म्हणा — लहान, गोलसर, अंगभर मऊ काटे. वेल पावसात उगवते, पावसाळा सरला की वाळते, आणि कंद जमिनीत जिवंत राहतो. मंजुळाने असे पाच कंद माहेरून, मलंगगडाच्या पायथ्याकडून, आणून आमच्या दोघींच्या मधल्या कुंपणाला लावले होते. करटोल्यांची टोपली घेऊन ती बाजारात बसे. त्या घरात तिची म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती.

पाचांपैकी तीन वेली लगडत. दोन नुसत्या फुलत. मी ते वहीत टिपून ठेवले — माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांना तुम्ही हसता ना, ती सवय तेव्हापासूनची. त्या दोन वेली माझ्या जाईवर चढत, ते मला खपत नसे. मी म्हटले, “या काढून टाकू, मंजुळा. फुकट जागा खातात.”

“ऱ्हाऊ द्या ना, वयनी,” ती म्हणाली. “फुलतात तरी.”

नवरात्रात ती माहेरी गेली. मी खुरपे घेतले, ते दोन कंद खणले आणि ओढ्यात टाकून दिले. वहीत लिहिले, ‘दोन निरुपयोगी वेली काढल्या.’ ती परत आली तोवर उरलेल्या वेलीही वाळल्या होत्या. दिसण्यासारखे काही राहिले नव्हते. मी बोलले नाही. एवढ्याशा गोष्टीत सांगायचे काय, म्हणून? की तिने नको म्हटले होते, म्हणून?

पुढच्या ज्येष्ठात, पहिल्या पावसाला, तीनच वेली उगवल्या. मंजुळा म्हणाली, दोन कंद कुजले वाटते. मी म्हटले, असेल. फुले आली. फुलामागे इवलेसे काटेरी फळ असते — ते पिवळे पडून गळू लागले. सगळी गळाली. एकही करटोले धरले नाही.

मग हिरायचे तोंड सुटले. आधी स्वयंपाकघरात, मग ओट्यावरून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असे. “सोताची कूस तर हायच. आता वेली बी वांझ केल्या हिनं.” आणि एके दिवशी ती कुंपणाशी येऊन मला म्हणाली, “वयनी, तुमी बुकं वाचता. तुमीच सांगा, वेलींना काय झालं?”

मला ठाऊक नव्हते. ठाऊक नाही, एवढे म्हटले असते तरी चालले असते. पण इंग्रजी शिकलेल्या बाईने तसे कसे म्हणायचे? मी म्हणाले, “मंजुळा सारखी वेलींना हात लावते. कोवळे फळ हात लागला की गळते.”

दुसऱ्या दिवशी माझे वाक्य आळीभर झाले होते. बुकं वाचणारी बामनीन बी तेच सांगते — मंजीचा हात लागला की फळ गळते. त्या वर्षी लावणीला तिला भाताच्या रोपाला शिवू दिले नाही. सगळे घर शेतात, आणि ती ओट्यावर बसलेली.

श्रावणात मी माझ्या वडिलांचे एक इंग्रजी पुस्तक चाळत होते. ते ठाण्याच्या शाळेत मास्तर होते. मला त्यांनीच घरी शिकवले. पुस्तक झाडांविषयी होते. त्यात लिहिले होते की काही जातींत नर फुले एका झाडावर येतात आणि मादी फुले दुसऱ्यावर. मी पुस्तक मिटले. पुन्हा उघडले.

संध्याकाळी कुंपणाशी गेले. करटोलीची फुले दिवस कलताना उमलतात. तिन्ही वेलींवर एकाच जातीची फुले होती, मागे फळ असलेली. पतंग आले. या फुलावरून त्या फुलावर जात राहिले. नेण्यासारखे त्यांच्याजवळ काही नव्हते — ते मी ओढ्यात टाकले होते.

तरी मला खात्री हवी होती. रेल्वेच्या बांधाशी झुडपांत करटोलीची एक रानवेल होती, नुसती फुलणारी. तिची फुले पानात गुंडाळून आणली, आमच्या बाजूच्या एका फुलाला त्यांची पूड लावली, देठाला दोरा बांधला. चार दिवस गेले, ते फळ गळले नाही. आठ दिवसांनी चांगले सुपारीएवढे झाले.

आता काय उरले होते? हाक मारायची. हिराय, इकडे या. हे पाहा, फळ धरले. मंजुळाचा दोष नाही. नर वेली मी खणल्या. ही वाक्ये मी मनात कितीदा म्हटली असतील — आणि दर वेळी शेवटच्याशी अडले. ठाण्यात बायका माझ्या शिकण्याला हसत. कल्याणला त्या माझ्याकडे पत्रे वाचून घ्यायला येत, औषध विचारत. ते मला सोडवेना.

मी ते करटोले खुडले. दोरा सोडवला, आणि दोन्ही चुलीत टाकले. वेली खणल्या तेव्हा मला काही माहीत नव्हते. हे मी सगळे जाणून केले.

भात कापून झाल्यावर मंजुळाला माहेरी पाठवायचे ठरले. तिच्या नवऱ्याला दुसरी बायको करायची होती. निघायच्या सकाळी ती कुंपणाशी आली आणि उजवा हात पुढे धरला. “वयनी, तुमी एवढं वाचता. खरं सांगा, माज्या हातात काय वाईट हाय?”

मी म्हणाले, “देवाला ठाऊक.”

तिने मान हलवली, जणू मी नीट समजावून सांगितले होते. मग तो हात पदराखाली घेतला आणि गेली.

पुढे तिचे काय झाले, मी विचारले नाही. तिच्या माहेराकडच्या बायका दर आठवड्याला कल्याणच्या बाजारात येत. विचारले असते तर कळले असते.

दुसऱ्या वर्षी तुमचा बाप जन्मला. हिराय त्याला टोपडे घेऊन आली, म्हणाली, वयनीच्या हाताला यश आहे. त्या पावसात त्यांच्या शेतात रोपाची पहिली मूठ माझ्या हातून लावून घेतली. मी लावली.

ती वही माझ्या पेटीत आहे, त्या ओळीसकट. गेल्या श्रावणात काही कामाने कल्याणला गेले होते, तेव्हा जुन्या घराशी जाऊन आले. घरात दुसरे लोक राहतात. कुंपण आहे. तीन वेली अजून उगवतात, आणि दिवस कलताना फुलतात.