बोलीतून शिकवण्याचा अनुभव

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही — आणि तो तर माझ्या पोटातलं सगळं काढून घेतो म्हणून आमच्या घरात प्रसिद्ध आहे. तुला सांगतेय. का, ते विचारू नकोस.

विमान चालवायला शिकवते मी. फ्लाइट इन्स्ट्रक्टर. बोईसरच्या मुलीनं असलं काही केलं की लोकांना केवढं कौतुक! आमच्या बिल्डिंगखाली फ्लेक्स लागला होता, त्यात मला इतकं गोरं केलेलं की मीच मला ओळखलं नाही. तर, या कामासाठी लिहिलेला माझा पहिला रेझ्युमे. आमच्या लाइनीत रेझ्युमे म्हटलं की लोकांना आधी वाटतं, उडवलेले तास फुगवले असणार. नाही. तास माझे चोख होते. त्या कागदावर एकही ओळ खोटी नव्हती. आणि तरी त्यातली एक ओळ — खरी ओळ — आठवली की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. खऱ्या ओळीची कसली लाज, म्हणशील? थांब जरा. तिथवर यायला मला वेळ लागतो.

आम्ही मूळचे चिंचणीचे. बाबा तारापूरच्या कारखान्यात लागले म्हणून बोईसरला आलो. घरात चिंचणीचंच बोलणं — आमी, तुमी, हाय, नाय. बाहेर हिंदी, नाहीतर शाळेतली मराठी. कुठं कसं बोलायचं ते मी लहानपणीच शिकले. शहाणी ना मी! फ्लाइंग स्कूलला गेले, आपल्या भागापासून पार लांब, तेव्हा तर घरचं बोलणं फोनवर आईपुरतंच उरलं. तिथंच मी उडवायला शिकले आणि शिकवायचं लायसन्स मिळाल्यावर तिथंच शिकवायला लागले.

माझ्या पहिल्यावहिल्या विद्यार्थ्यांत दर्शना होती. आमच्याच किनाऱ्यावरच्या शिरगावची. वडिलांची मासेमारीची बोट, शिक्षण सगळं मराठी शाळेत. कुणी इंग्रजीत काही विचारलं की पोरीचे खांदे कानापर्यंत जायचे. एकदा मी आईला फोनवर म्हणत होते, नाय गं, जेवली नाय अजून — आणि ही मागं उभी. "ताई, तुमी आमच्याकडच्या हाय?" काय चेहरा फुलला तिचा! त्या दिवसापासून मी मॅडमची ताई झाले. आणि खरं सांगू? मलाही बरं वाटलं. खूप बरं वाटलं. मग विमानातसुद्धा आम्ही आमचंच बोलायला लागलो. तिला भराभर येऊ लागलं. आमच्या बोलीत सांगितलं की एका फटक्यात कळायचं तिला.

पण विमानात एक नियम असतो. शिकाऊ विमानात दोघांच्याही हातात कंट्रोल असतं, म्हणून आत्ता कोण चालवतंय ते ठरलेल्या इंग्रजी वाक्यांत बोलून घ्यायचं. देणाऱ्यानं म्हणायचं ‘यू हॅव कंट्रोल’, घेणाऱ्यानं म्हणायचं ‘आय हॅव कंट्रोल’. मान डोलवून चालत नाही, हं-हं करून चालत नाही. हा नियम शिकवणं हेच तर माझं काम.

त्या दिवशी आम्ही उतरत होतो. वारा आडवा होता, म्हणून मी थोडा वेळ कंट्रोल माझ्याकडं घेतलं, विमान सरळ केलं आणि तिला परत देताना विचारलं — कसं विचारलं? आईला विचारावं तसं. "हाय ना गं तुझ्याकडं?" ती म्हणाली, "हाय!" मी हात काढून घेतले.

तिनं माझं बोलणं इंजिनच्या आवाजात ऐकलंच नव्हतं. तिचं लक्ष समोर धावपट्टीवर. आपण जास्त उंचावर असलो की मोठ्यानं ‘हाय’ म्हणायचं, खाली असलो की ‘लो’ म्हणायचं, असं मीच तिला शिकवलं होतं. ती इंग्रजीत बोलली होती गं बाई! मी ते चिंचणीच्या बोलीत ऐकलं. विमान ताईच्या हातात आहे असं ती समजत होती, तिच्या हातात आहे असं मी. आणि ते कुणाच्याच हातात नव्हतं. आपटलो आम्ही. पुढचं चाक दुमडलं, पंखा जमिनीला लागला. दोघींना खरचटलंही नाही, हे नशीब. धूळ खाली बसायच्या आत ती म्हणाली, "ताई, मी बोलली ना, हाय म्हणून?" तिथंच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे मला कळलं नव्हतं असं नाही. हे नीट ऐक. मला सगळं कळलं होतं.

चौकशी झाली. फ्लाइंग स्कूलच्या मोठ्या साहेबांनी मला आत बोलावलं, नेमके शब्द काय वापरलेस ते विचारलं. मी म्हटलं, नियमातले, सर. कॉकपिटमध्ये मराठी बोलतेस? कधीच नाही, सर. मग काय झालं असेल? आणि मी — कुणी माझ्या तोंडात शब्द घातले नाहीत — मी म्हटलं, तिचं इंग्रजी कच्चं आहे सर, तिला वाक्य कळलं नसावं.

त्यानंतर तिला बोलावलं. मी तिथंच बसले होते. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, तुझी इन्स्ट्रक्टर तुझ्याशी मराठीत बोलते का? तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी काय केलं असेल? मी टेबलाकडं बघत राहिले. आणि ती म्हणाली, "नो सर." मला ओरडा बसू नये म्हणून! ताईला वाचवलं तिनं. त्या छोट्या विमानात बोलणं कुठं रेकॉर्ड होत नाही. आम्ही दोघीच साक्षीदार. तिचं ते ‘नो सर’ आणि माझं ‘कच्चं इंग्रजी’, एवढ्यावर निकाल लागला. इन्स्ट्रक्टर म्हणून मला जरा समज मिळाली. तिला सांगितलं, आधी इंग्रजीची परीक्षा दे, मग सगळं पहिल्यापासून. तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले. निघताना ती माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला अडवलंसुद्धा नाही, तशीच उभी राहिले. पुन्हा काही ती विमानात बसली नाही.

पुढं मी दुसरीकडं नोकरी शोधायला लागले. सुट्टीत घरी आले होते. बोईसरच्या आमच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून रेझ्युमे लिहीत होते, आई शेजारी कोलंबी सोलत होती. एका दुसऱ्या फ्लाइंग स्कूलला गावाकडच्या मुलांना सांभाळून घेणारे इन्स्ट्रक्टर हवे होते, तसं जाहिरातीतच होतं. आणि मी लिहिलं. लिहिलं इंग्रजीत, मराठीत सांगायचं तर असं — मराठी शाळेतून आलेल्या, किनाऱ्यावरच्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच बोलीतून शिकवण्याचा अनुभव.

बघ, खरं आहे की नाही? शब्द न् शब्द खरा. साहेबांसमोर जे कधीच केलं नाही म्हटलं, तेच इथं ठसठशीत लिहिलं. तेव्हा लाज वाटली? छे. उलट वाक्य छान जमलं म्हणून मी आईला वाचून दाखवलं. मुलाखतीत त्यांनी सगळ्यात जास्त विचारलं ते याच ओळीबद्दल. मी हसून हसून सांगितलं, शिरगावच्या एका मुलीला कसं शिकवलं ते. तिचं पुढं काय झालं, ते कुणी विचारलं नाही. नोकरी लागली.

मागच्या गणपतीत घरी आले होते. आमच्या पालघरजवळच्या माहीमला मावशीकडं जायला पालघरला शेअर रिक्षात बसले, तर समोर दर्शना, तिची आई शेजारी. दर्शना बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला जाते. मला बघून तशीच फुलली. "आये, ह्याच त्या ताई!" तिच्या आईनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली, मला हात जोडले आणि म्हणाली, "आमच्या पोरीनं तुमाला लय ताप दिला, बाय. चुकली ती. मनावर घेऊ नका."

रिक्षा चालू होती. माहीम यायला अजून बराच वेळ होता. सांगायला भरपूर वेळ होता.

मी त्या बाईचे हात धरले आणि म्हटलं, "जाऊ दे मावशी. मी कधीच माफ केलं तिला."