हरकऱ्याचा मृग

हरकरे सर कोणाकडे पाहुणे म्हणून गेले की आधी पंख्याखाली जाऊन उभे राहत. यजमान म्हणत, "बसा ना सर." सर बोट वर करून त्यांना थांबवत, मान तिरपी करून ऐकत आणि मग निकाल देत, "वहिनी, तुमचा पंखा बोलून राहिला. आतल्या आत ठिणग्या मारते. मले तिकडं मैदानात ऐकू येते." मग चहा. पंखा दुरुस्त होईपर्यंत ते त्या घरी अधूनमधून चक्कर टाकत. दुरुस्त झाला की त्या घरात त्यांना काही रस उरत नसे. काही धोरणी बायका पंखा मुद्दाम बिघडलेला ठेवत, कारण सर गप्पांना चांगले होते.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो. एकोणीसशे साठचं दशक नुकतंच लागलं होतं. सर मूळचे अकोल्याचे, भिक्षुकाच्या घरातले. इंग्रजीतून शिकवायचे, पण एखादी गोष्ट मुलांच्या डोक्यात शिरावी असं खरंच वाटलं की वऱ्हाडीवर येत.

हे लिहायचं कारण एक म्हण आहे. एखाद्यानं काम कबूल केलं आणि तो फिरकलाच नाही, तर आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात, "हरकऱ्याचा मृग झाला." विचारलं तर सांगतात, हरकरे नावाच्या एका मास्तरानं बांबूंना तारा बांधून पावसाचं भाकीत केलं आणि तोंडावर पडला. हे खोटं आहे. सरांनी जन्मात कधी पावसाचं भाकीत केलं नाही. छत्री न्यावी की नाही हेसुद्धा ते घरात विचारून ठरवत. भाकीत मी केलं होतं. एवढं लिहायला मला ऐंशी ओलांडावी लागली.

कॉलेजच्या मागच्या मैदानात सरांनी बांबू रोवून त्यांवर तारांचं जाळं ताणलं होतं. भंगार बाजारातून आणलेला लष्कराचा जुना रेडिओ त्याला जोडलेला. त्यापुढे कागदाचं फिरतं नळकांडं आणि त्यावर शाईची रेघ ओढणारी सुई. आकाशातून रेडिओच्या लहरी आल्या की सुई वर चढायची. पंख्याच्या, मोटरीच्या ठिणग्यांतूनही तशाच लहरी निघतात, त्यानंही ती चढायची. जाळं हलत नसे. "आपन हलाचं नाही," सर म्हणत. "पृथ्वी हलते ते पुरे हाय. ज्याले याचं तो येईन डोक्यावर."

त्यांना हवं होतं मृग नक्षत्र. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाखाली एक धूसर ठिपका दिसतो. तो वायूचा आणि धुळीचा प्रचंड ढग आहे आणि त्यात सूर्याच्या दसपट, वीसपट मोठे तारे जन्माला येतात. असा तारा तयार कसा होतो हे कोणाला नीट ठाऊक नव्हतं, कारण धुळीच्या आड साध्या दुर्बिणीला काही दिसत नाही. रेडिओच्या लहरी मात्र धूळ ओलांडून येतात. हे सगळं सर वर्गात असं सांगत: "बाळंतिणीच्या खोलीत धुरी केली असते. दार लोटलं असते. बाप्या मानसानं आत डोकवाचं नाही. भाईर ओसरीवर बसाचं अन् कान द्याचा. मी ओसरीवर बसून राहिलो, एवढंच."

पुढच्या बाकावरच्या मुली माना खाली घालत. आमच्या प्राचार्यांच्या कानावर हे गेलं. ते पुण्याचे. मुलामुलींच्या एकत्र वर्गात असे दाखले देऊ नयेत, असं त्यांनी सरांना सुचवलं. "मंग तारे कसे होतात म्हनून सांगू, साहेब?" सरांनी विचारलं. "अर्ज करून?"

ओसरीवर शांतता मात्र नव्हती. मैदानाला लागून नारायणशेठांचं जिन होतं, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. मृग दिवेलागणीनंतर डोक्यावर येतो तो फेब्रुवारीत, आणि वऱ्हाडात जिनं जोरात चालतात तीही तेव्हाच. शेठांची मोटर लागली की आमची सुई कागदाच्या बाहेर जाऊन खडखडायची. शेवटी सर मला घेऊन शेठांकडे गेले. मोटर संध्याकाळी तासभर, एवढा एक आठवडा बंद ठेवा, अशी विनंती करायला.

शेठांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मोठा तारा जन्मून राहिला, बरं. त्याले माझी मोटर काय करते?"

"शेठजी, बाळंतिणीच्या खोलीसमोर तुमी बँड लावता का?"

"लावतो ना. पोरगा झाला तं लावतोच."

"झाल्यावर लावता. होत असताना नाही."

"अन् मास्तर, हा मोठा तारा झाला, तं बारसं कोन्या गावी हाय? आमाले बोलावणं राहीन का?"

हमाल हसले, मुनीम हसला, सरही हसले. मोटर काही बंद झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. मी चांदूर रेल्वेचा, शेतकऱ्याच्या घरचा. प्राध्यापकापेक्षा आपल्याला शेठांशी बोलता येईल असा माझा समज होता. शेठांनी मला जवळ बसवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "का गा देवीदास, मास्तर मृगाचं पाहून राहिले म्हंते. यंदा मृग येळेवर येते का लांबते?"

इथे सगळी गडबड झाली. वऱ्हाडात मृग म्हणजे आभाळातलं हरीण नव्हे. मृग म्हणजे जूनचा पहिला आठवडा, मृग म्हणजे पेरणी. मृगाचे तारे फेब्रुवारीत डोक्यावर येतात याचं इथे कोणाला सोयरसुतक नाही. मला फरक नीट माहीत होता. एका वाक्यात सांगता आला असता. मी म्हणालो, "सांगतील ना शेठजी. पन तुमची मोटर ऐकू देईन तवा ना."

त्याच संध्याकाळी मोटर बंद झाली. आठवडाभर दिवे लागले की जिनावर सामसूम व्हायची आणि आमची सुई शहाण्यासारखी सरळ रेघ ओढायची. मृग डोक्यावर यायच्या सुमाराला ती हळूच वर चढायची आणि मग उतरायची. पहिल्या दिवशी मला वाटलं कुठे पंखा लागला असेल. दुसऱ्या दिवशी तोच उंचवटा, थोडा लवकर, कारण तारे रोज थोडे लवकर येतात. पंखे येत नाहीत. तिसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत नाचलो. सर बसून होते. "शेठ लय मोठा मानूस हाय बावा," ते म्हणाले. "त्याले विज्ञान समजलं." मी नळकांड्यावरचा कागद बदलला.

एप्रिलात शेठांचा निरोप आला. त्यांच्या मुलीचं, सुशीलेचं लग्न अकोल्याच्या मुलाशी ठरलं होतं आणि मुहूर्त निघाला होता तो नेमका मृग लागायच्या दिवशी, गोरज. मांडव मोकळ्यावर घालू की छपराखाली? मास्तरांनी काय ऐकलं ते सांग.

मी विचार केला. पाऊस येणार नाही म्हणावं आणि आला, तर लग्न वाहून जाईल. येणार म्हणावं आणि नाही आला, तर कोणाचं काय बिघडतं? छपराखाली लग्न लागल्यानं आजवर कोणाचं वाकडं झालंय? मी म्हणालो, "येळेवर येते शेठजी. पयल्याच दिवशी."

शेठांनी लग्न जिनाच्या गोदामात ठेवलं. गोदाम झाडून-धुऊन घेतलं, आंब्याची तोरणं लावली. बाहेर आभाळ कोरडं ठाक आणि आत पत्र्याखाली भट्टी. वऱ्हाडी मंडळी घामानं निथळायला लागली तेव्हा शेठांनी भाड्यानं आणलेले मोठे पंखे लावायला सांगितले. झाडणारे झाडून झाडून किती उंच झाडणार? वरचा पत्रा पेलणाऱ्या कैच्यांवर वर्षानुवर्षांची कापसाची रुई बसली होती. पंखे लागले आणि ती सगळी खाली यायला निघाली.

नवरदेव अंतरपाटामागे उभा होता तो बघता बघता पांढरा झाला. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. अंतरपाट दूर झाला तेव्हा सुशीलेनं समोर एक म्हातारा पाहिला आणि ती हसत सुटली. भटजींचं 'सावधान' शिंकेत गेलं. वराचे मामा एकदा शिंकायला लागले ते थांबेचनात, त्यामुळे मंगलाष्टकांना ठेका मात्र चांगला मिळाला. पंगतीत जिलेबीला केस फुटले होते. मी ती सोलून खाल्ली.

सर माझ्या शेजारीच जेवत होते. त्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. शेठ आले. डोक्यावर, खांद्यावर रुई, जणू कापसाच्या गठाणीतून उठून आलेत. सगळी पंगत ऐकत होती.

"मास्तर, तुमचा मृग कुठी हाय?"

सरांना वाटलं, बिचाऱ्याला तारे बघायचे आहेत. त्यांनी दारातून पश्चिमेकडे पाहिलं आणि आस्थेनं सांगितलं, "आत्ताच मावळला शेठजी. सध्या सूर्यासंगंच फिरून राहिला, त्याच्यानं दिसत नाही. दिवाळीनंतर या, दाखवतो."

शास्त्रदृष्ट्या हे उत्तर बिनचूक होतं. पंगत जी हसली ती अमरावती-अकोला मिळून अजून हसते आहे. तिथेच ती म्हण जन्मली. माझ्या तोंडात जिलेबी होती. नसती तरी मी बोललो असतो असं नाही.

शेठ कॉलेजच्या मंडळावर होते. चार दिवसांत प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"आपण हवामानाचे अंदाज वर्तवता, असं कानावर आलं," प्राचार्य म्हणाले.

"कोनाच्या कानावर?"

"माझ्या."

"तुमच्या मोटारीचा प्लग खराब हाय साहेब. रोज ऐकतो मी. तुमच्या कानाचं काही सांगता येत नाही."

प्राचार्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला. "शेठजींना निरोप आपल्या विभागातून गेला. कोणी दिला?"

माझी नेमणूक वर्षावर्षाची होती आणि दर जूनमध्ये नवी व्हायची. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मान तिरपी केली, पंख्याखाली करत तशी. मग प्राचार्यांकडे वळून म्हणाले, "माझ्या विभागातून गेला, म्हंजे माझाच."

बांबू निघाले. माझी नेमणूक झाली. बाहेर आल्यावर सर मला एवढंच म्हणाले, "जिलेबी चांगली होती गा. रुई सोडली तं." त्या वर्षाअखेरीस त्यांनी राजीनामा दिला आणि अकोल्याला शाळेत विज्ञान शिकवायला गेले. ते जाईपर्यंत अमरावतीत त्यांना बघितलं की पोरं आभाळाकडे हात करून पाऊस पडतोय का पाहत. हे मी अनेकदा पाहिलं. कधी कधी त्या पोरांत माझे विद्यार्थी असत.

काही वर्षांनी मी अकोल्याला त्यांच्या घरी गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. सर अंगणात रेडिओ उघडून बसले होते. आतून वहिनी आल्या, "चहाले थांबा लागते. दूधवाल्याचा हरकऱ्याचा मृग झाला," असं अगदी सहज म्हणाल्या, मग मला पाहिलं, मग जीभ चावली. सर इतके हसले की त्यांच्या हातातला पेचकस पडला. "माह्या घरात माह्या नावानं मले सांगते ही," ते म्हणाले.

मग त्यांनी आपणहून फेब्रुवारीतल्या त्या आठवड्याची गोष्ट काढली. सुई चढत होती ती खरी, पण तो मृग नव्हता. मृग येतो त्याच सुमाराला वृषभेतला दुसरा एक ढग आपल्या अगदी डोक्यावरून जातो. तो एका फुटून मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा आहे आणि रेडिओत त्याचा आवाज फार मोठा. मृगाचा आवाज आमच्या तारांना पेलणाराच नव्हता. "देवीदास, आपन बारशाले गेलो अन् तेरवीचं जेवून आलो," ते म्हणाले.

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"मार्चातच."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू नाचून राहिला होता बावा."

मग मी माझं सांगितलं. मोटर कशी बंद झाली, मांडवाचं कोण बोललं, सगळं. सर पेचकस शोधत होते. "मले मालूम हाय ते," ते म्हणाले. "शेठ मास्तरासाठी मोटर बंद ठेवीन काय? मृगासाठीच ठेवीन."

"मी लोकांना सांगतो सर. वर्तमानपत्रात लिहितो."

"लिव्ह. पन लिवशील तं पुरं लिव्ह. कापसाच्या भर हंगामात, पोरीच्या लग्नाच्या वर्षी, त्या मानसानं आठवडाभर मोटर बंद ठेवली. जिलेबीतली रुई सारे सांगतात. हे कोनी सांगून नाही राहिलं."

मी हो म्हणालो आणि लिहिलं नाही. आधी नोकरी होती, मग मुलीचं लग्न, मग निवृत्ती, मग वाटलं आता कोण वाचणार. सर गेले तेव्हा मी अकोल्याला गेलो. स्मशानात दोन माणसं म्हणीची गोष्ट एकमेकांना हळूच सांगत होती. तेव्हाही मी उभाच राहिलो.

गेल्या महिन्यात सुशीलाबाईंकडे गेलो. नारायणशेठांची ती मुलगी आता अकोल्यात नातवंडं-पतवंडांत असते. म्हटलं, छापायच्या आधी हिला सांगावं. तिनं सगळं ऐकून घेतलं. सर निर्दोष होते, मी खोटं बोललो होतो, यानं ती फारशी हलली नाही. "तुमच्यापाई माह्या लग्नाची गोष्ट झाली," म्हणाली. "नाहीतं लग्नं काय, साऱ्यायची होतात." पण मोटरीचं सांगितलं तेव्हा तिनं हातातली सुपारी खाली ठेवली.

"बाबांनी मोटर बंद ठेवली होती? सीझनमंदी?"

"आठवडाभर."

"घरी कदी बोलले नाहीत." मग तिनं विचारलं, "तं मंग तो मोठा तारा झाला का शेवटी?"

मी तिला सांगितलं की त्या कामाला लाखभर वर्षं लागतात. अजून जन्मून राहिला.