घर बंद दिसता कामा नये

माझ्या मुलाला आमच्याच दारात चोर म्हणून धरलं, तेव्हा मी वीस पावलांवर गाडीत बसून होते. मनात आलं असतं तर लगेच उतरून सोडवलं असतं. मनात आलं न्हाय.

त्याचं असं झालं. बेळगावात मी एकटी राहते. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्ली मला 'बाई'च म्हणते. मागच्या गल्लीत एक बंद घर फोडलं, आणि ती बातमी पुण्यात मुलाला माझ्याआधी कळली. लगेच फोन. "आई, आता बास. घर विकून टाकू. तिथं तुझ्याकडं बघायला आहे कोण?"

पुढं हे वाक्य तो रोज म्हणायला लागला. मला असा राग यायचा, की फोन ठेवल्यावर मी भांडी आपटत घासायची. बघायला कोण म्हणजे? मी काय पाळण्यात आहे? पण खरं सांगते, भीतीही वाटायची. चोराची नव्हे, मुलाची. हट्टाला तो थेट माझ्यावर गेलाय. शेवटी ठरलं, की मी महिनाभर पुण्यात राहून बघायचं. मग तो मला सोडायला येणार, आणि त्याच खेपेत घर एजंटाला दाखवणार. म्हणजे त्याचं ठरलेलंच होतं.

त्याच आठवड्यात आमच्या भागाच्या बीट पोलिसानं गल्लीची बैठक घेतली. गोकाककडचा माणूस, मराठी बोलतो पण कानडीच्या चालीवर. "आम्ही माणसं दोन, गल्ल्या लई. तुम्हीच आमचे डोळे व्हा. अन् गावाला गेलात तरी घर बंद दिसता कामा नये बघा. कोण जाणारय गावाला?"

मी हात वर केला.

समोरच्या आक्कांनी तिथंच किल्ली मागून घेतली. त्यांना काम सांगणं सोपं, थांबवणं अवघड. "बाई, तुम्ही निवांत जावा. सडा-रांगोळी माझ्याकडं. तुमची एक साडी रोज भिजवून दोरीवर. अन् कोणी विचारलं तर बाई घरातच हायत, काय?" सगळ्या गल्लीनं माना डोलावल्या. शेजारच्या अण्णांना पोलिसानं एक शिट्टी दिली. त्यांच्या नारळाच्या झावळ्या माझ्या अंगणात पडतात, यावरून आमचा सात वर्षांचा अबोला. ते भिंतीकडं बघून म्हणाले, "रेडिओ मी लावत जाईन." मीही भिंतीलाच सांगितलं, "सकाळी सहाला. अन् आवाज बारीक नको."

पुण्यात मुलाचं घर बाराव्या मजल्यावर. खाली पहारेकरी, दाराला कॅमेरा, लिफ्टला कार्ड. इतकं सुरक्षित, की समोरच्या दारात कोण राहतं ते महिनाभरात कळलं न्हाय. एकदा दुपारी बाथरूममध्ये पाय घसरला. नुसतं खरचटलं, पण मी दोनदा ओरडले, आणि "काय झालं बाई?" म्हणून कोणी विचारलं न्हाय. मुलाला हे सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर त्यानं पायपुसणं बदललं असतं.

परतताना निपाणीला चहाला थांबलो. टपरीवाला म्हणाला, "लई गरम हाय आज्जी, बेतानं घ्या." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मुलाला म्हटलं, धूळ गेली. त्याचं लक्ष नव्हतंच, तो एजंटाला पाच वाजता यायला सांगत होता.

गल्ली अरुंद, म्हणून त्यानं गाडी कोपऱ्यावर लावली. "तू बस, मी आधी दार उघडून येतो." काळा चष्मा, पाठीवर सॅक, वर ती दाढी. दाढी वाढवल्यापासून मीच त्याला दोनदा बघून खात्री करते, गल्लीनं कुठून ओळखायचा?

दारात ताजी रांगोळी. दोरीवर माझी जांभळी साडी ठिबकत होती. उंबऱ्याशी चपला. मुलानं फाटकाची कडी काढली, तोच आतून आवाज आला, "कोण रं ते? पाय पुसून ये, फरशी पुसलीय!"

अगदी माझा आवाज! आक्का घरात बसून मी झाल्या होत्या. अगं बाई, मी एवढी खेकसते? मुलगा दचकला. मी बसले होते त्या गाडीकडं बघितलं, घराकडं बघितलं, आणि खिडकीतून डोकवायला वाकला. झालं! महिनाभर अडून बसलेली अण्णांची शिट्टी वाजली. घराघरांतून माणसं बाहेर पडली. अण्णांनी मागून सॅकचा पट्टा धरला.

"कोण तू?"

"हे माझ्या आईचं घर आहे. आई तिकडं गाडीत आहे."

"खोटं बोलतोय! बाई घरातच हायत. आत्ताच तुला ओरडल्या की!"

"आत आहे ती माझी आई नाही!"

"ऐका! आईलाबी वळखत न्हाय म्हणं!"

तेवढ्यात मोटारसायकलवरून आमचा पोलीस आला. "यार्री नीवु?" इतकी वर्षं पुण्यात राहून पोरगं कानडी विसरलेलं. कोण तुम्ही, एवढ्याला उत्तर देता येईना. घाबरून हिंदीत बोलायला लागला, आणि होता तोही विश्वास गेला. मी गाडीची काच खाली केली, नीट ऐकू यावं म्हणून.

कोपऱ्यावर एक स्कूटर आली. गर्दी, पोलीस बघून आली तशीच वळली. एजंट असावा. मग मात्र मी उतरले.

"आज्जी, हा तुमचा मुलगा म्हणतोय," पोलीस म्हणाला. "वळखता काय?"

मी चष्मा पुसला, घातला, आणि त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. बिचारा घामाघूम झाला होता.

"चेहरा ओळखीचा वाटतोय," मी म्हटलं. "पण माझा मुलगा तर म्हणत होता, इथं माझ्याकडं बघायला कोणी न्हाय."

मुलानं सगळ्यांकडं बघितलं. दारात आक्का उभ्या होत्या, हातात माझंच झाडणं उगारलेलं.

अण्णांनी सात वर्षांत पहिल्यांदा भिंत सोडून माझ्याकडं बघितलं. "बाई, सोडू काय ह्याला?"

"आधी विचारा, घर विकणार काय?"

अण्णांनी पट्टा आवळला. "काय रं, विकतोस?"

"नाही विकत," मुलगा म्हणाला. आधी हसला, मग डोळे पुसायला चष्मा काढला, आणि तेव्हा कुठं गल्लीनं त्याला ओळखलं.

"सोडा आता," मी अण्णांना म्हटलं. "आणि आत या, चहा टाकते. त्या झावळ्या पडतात तर पडू देत."