डी ड्राइव्हवरचं अतिक्रमण

आजही आठवलं की डोकं सणकतं. जळगावकडून हिंजवडीला नोकरीसाठी आलो होतो आणि मारुंजीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. खाली घरमालक, म्हणजे दोघे भाऊ. चूल एक, पण बाकी सगळ्याची वाटणी झालेली: जमीन, गोठा, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या. घरात सामायिक कॉम्प्युटर आला, तर त्याचीही केली. दुकानदाराकडून हार्डडिस्कचे दोन सारखे भाग करून घेतले. सी ड्राइव्ह थोरल्याचा, डी धाकट्याचा. तेव्हा मी हसलो होतो. हसायला नको होतं.

थोरल्यांच्या मुलीनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता. घोटावड्याच्या एका कारखान्यानं तिला सांगितलं होतं, पंपाचं पुरं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर करून सोमवारी सकाळी आण, पसंत पडलं तर नोकरी. वडिलांनीही शब्द दिला होता: नोकरी लागली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही. नाही लागली, तर सांगून आलेल्या स्थळाला मंगळवारी बोलवायचं. पोरगी जेवण-खाण विसरून त्या पंपाला भिडली होती.

ड्रॉइंग वाढलं तसा कॉम्प्युटर रखडू लागला. व्हर्च्युअल मेमरी कमी पडतेय अशी पाटी यायची आणि सगळं जागच्या जागी थिजायचं. शनिवारी तिनं मला बोलावलं. रॅम भरली की मशीन हार्डडिस्कवरची मोकळी जागा कच्च्या वहीसारखी वापरतं, एवढंच ते प्रकरण. सीवर विंडोज आणि तिची सॉफ्टवेअरं, तीळ ठेवायला जागा नाही. डीवर जागरण-गोंधळाचे चार व्हिडिओ, बाकी ओसाड. मी ती वही डीवर हलवली, तिच्या जागेचा आकडा वाढवला, मशीन बंद करून चालू केलं. ड्रॉइंग झटक्यात उघडलं.

“लई भारी, सर!” ती म्हणाली, आणि लगेच कामाला लागली.

रविवारी दुपारी खालून आरडाओरडा ऐकू आला. डीवरची मोकळी जागा घटलेली धाकट्यांना दिसली होती. बांध वीतभर सरकला तरी ज्याची झोप उडते असा हा माणूस. दुकानदाराला फोन लावून, तो सांगेल तशी बटणं दाबत त्यांनी माझी सेटिंग पुसली आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पोरगी तेव्हा जेवायला उठली होती. सकाळपासूनचं काम गेलंच, पण आधीचं ड्रॉइंगही आता उघडेना. ते सॉफ्टवेअर गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

मी खाली जाऊन कॉम्प्युटरसमोर बसलो, तर धाकटे स्विचवर हात ठेवून उभे.

“माज्या हिश्श्यात घुसायचं न्हाई.”

“काका, उद्या सकाळपर्यंतच. मग काढून टाकतो.”

“असंच म्हंत्यात समदे. आज वापरत्यात, उद्या वहिवाट लावत्यात.”

थोरले दारात उभे होते. पोरीचा बाप! एक शब्द बोलले असते तर भागलं असतं. पण भावाशी बिघडलं की पाण्याच्या पाळीवर येतं.

“उठा सर,” ते मला म्हणाले. “घरात भांडान नगं.”

पोरगी बापाला शांतपणे म्हणाली, “आबा, ह्यात माजा हिस्सा कंचा?”

“तुजा तुज्या सासरी,” चुलता म्हणाला आणि हसला. त्या हसण्यावर त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. दिली नाही. आपण भाडेकरू, उद्या खोली खाली करा म्हणाले तर जायचं कुठं, हा हिशेब मनात आधी झाला. मी मुकाट उठलो.

सोमवारी ती घोटावड्याला गेली नाही. दाखवायला काही नव्हतंच. मंगळवारी पाहुणे आले, आणि शिकलेला माणूस म्हणून मलाही खाली बोलावून त्यांच्या शेजारी बसवलं. पोहे तिनंच आणले. माझ्यासमोर बशी ठेवताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आणि मी, लाज कोळून प्यालेला, ते पोहे खाल्ले.