मुखपृष्ठावर नसलेली ताजबी

बिलकीसला राग यायचा नाही असं नाही, पण तो ती गिळायची. पाच वेळची नमाज, कडेवरची मुलगी, चुलीवरचा भात आणि इंग्रजांच्या छावणीत स्टोअरकीपर असलेला नवरा, एवढ्यात तिचा दिवस संपायचा. शारजात रोल्ला नावाच्या मैदानातल्या वडामागे खजुराच्या झावळ्यांच्या भिंती असलेल्या दोन खोल्यांत ती राहायची. गाढवावरून पाणी आणणारा बलुची रोज एक डबा कमी ओतायचा, तरी ती त्याच्याशी कधी भांडली नाही. म्हणून १९६७च्या जानेवारीत, ईद होऊन गेल्यावरच्या एका जुम्म्याला, भरल्या बैठकीत पडद्याआडून जो आवाज आला तो बिलकीसचा आहे हे पहिल्यांदा कुणाला खरंच वाटेना.

बैठक कमरुद्दीनच्या घरी होती. कमरुद्दीन बँकेत कारकून, आणि खाडीकाठच्या वेळणे गावची जी तीस-चाळीस घरं दुबई-शारजात होती त्यांच्या जमातीचा सेक्रेटरी. गावच्या मुलींच्या मराठी शाळेला पन्नास वर्षं होत होती. इथल्या लोकांनी एक स्मरणिका काढायची ठरवली होती. बकरी ईदेच्या सुमाराच्या आगबोटीने मजकूर मुंबईच्या छापखान्यात जायचा होता. कमरुद्दीन खुर्चीवर बसून यादी वाचत होता.

"पान सात. आपल्या गावचे पहिले कादंबरीकार मरहूम अलीमियाँ खतीब. 'खाडीपल्याडची सून', सन १९१२. फोटो तय्यबचाचा देणार आहेत."

तय्यबचाचा म्हणजे अलीमियाँचा मुलगा. बाजारात त्याचं कापडाचं दुकान होतं, आणि बैठकीत सगळ्यांत जाड गादी त्याची. त्याने मान हलवली.

पडद्यामागे बिलकीस चहाचे कप भरत होती. किटली खाली ठेवून ती म्हणाली, "ती त्यांनी लिहिलेली नाही. त्यांच्या बहिणीने, ताजबीने लिहिलीय."

 मग तय्यबचाचा हसला. "युसुफ, तुझ्या घरात बरंच वाचन चालतं रे."

बिलकीसच्या नवऱ्याने, युसुफने, खाली बघितलं. त्याला इथे नोकरी तय्यबचाचाच्या शब्दावर लागली होती.

"बहेन, पुरावा?" कमरुद्दीनने पडद्याकडे न बघता विचारलं. "पुस्तकावर तर त्यांचं नाव आहे."

पुरावा म्हणावा असं बिलकीसजवळ काही नव्हतं. त्याच शाळेत सातवी होऊन तिने तिथेच चार वर्षं मास्तरकी केली होती. शाळेच्या कपाटात ते पुस्तक होतं. कव्हर वाळवीने खाल्लेलं, आत एकशे चाळीस पानं. तिने ते अकरा वेळा वाचलं होतं. तिची आजी म्हणायची, "ताजबी विधवा होऊन भावाकडे आली नि माळ्यावर बसून लिवायची." एवढंच. पण पुस्तक स्वतःच बोलत होतं. बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची धुरी देताना कुठली बाई कुठे बसते, कोण मुद्दाम दाराशी बसते, हे त्यात होतं. मूल गेल्यावर तिसऱ्या दिवशी दूध दाटून छाती कशी ठणकते, आणि ते कुणाला सांगायची लाज कशी वाटते, हेही होतं.

ओव्याचं तिने पडद्याआडून सांगितलं. कमरुद्दीन म्हणाला, "लेखक माणूस कल्पनेने लिहितो, बहेन."

बिलकीस पुटपुटली, "कल्पनेने दूध दाटत नाही." तिच्या शेजारी बसलेली खैरुन्निसा एवढ्या जोरात हसली की तिला ओढणी तोंडात कोंबावी लागली.

"बकरी ईदेच्या आधी पुरावा आणा, आम्ही नाव बदलू," कमरुद्दीनने विषय मिटवला. "खलास."

घरी येताना युसुफ म्हणाला, "मेलेल्या बाईचं नाव. काय अडलंय तुझं?"

"शाळा मुलींची," बिलकीस म्हणाली. "पन्नास वर्षं मुली तिथे आपलं नाव लिहायला शिकल्या. आणि जिने पहिलं पुस्तक लिहिलं तिचंच नाव नाही. ऐकलंत का, तुम्हाला भीती वाटत असेल तर मी एकटी करीन."

"भीती वाटतेच," युसुफ म्हणाला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी छावणीतून येताना त्याने तिच्यासाठी दस्ताभर कागद आणले.

बिलकीसने गावी भावाला लिहिलं. तिचा भाऊ जहूर तालुक्याला कचेरीत होता, कागदपत्रं धुंडाळायची त्याला सवय. आगबोट आठवड्याची, त्यामुळे उत्तरं रखडत आली. पहिल्यात जहूरने लिहिलं की जमातीच्या वहीत ताजबीच्या निकाहाची नोंद सापडली: 'हाजी फकीरसाहेब खतीब यांची दुख्तर', म्हणजे मुलगी. नाव नाही. लग्नाच्या छापील रुक्क्यावर, आमंत्रणावर, 'नूरचश्मी', म्हणजे बापाच्या डोळ्यांचा उजेड. नाव नाही. दुसऱ्या पत्रात विधवा झाल्याची नोंद: 'मयताची बेवा.' तिसऱ्यात दफनाची: 'अलीमियाँ खतीब यांची हमशीरा', म्हणजे बहीण. कबरीवर फक्त जांभा दगड. छापखाना बंद होऊन तीस वर्षं झालेली.

बिलकीस भाकऱ्या थापत होती तेव्हा युसुफने ते तिसरं पत्र वाचून दाखवलं. तिने पीठ परातीत आपटलं.

"जन्मली तर मुलगी, लग्न झालं तर डोळ्यांचा उजेड, नवरा मेला तर बेवा, स्वतः मेली तर बहीण! आणि आता म्हणतात पुरावा आण. पुरावा ठेवला कुणी? ह्यांनीच पुसायचं आणि ह्यांनीच विचारायचं, कुठेय म्हणून?"

"गो, भाकरी करपतेय."

"करपू दे!"

तिचा स्वतःचा निकाहाचा रुक्काही तसाच होता, हे तिला त्या क्षणी आठवलं. तिथेही बापाचं नाव आणि नूरचश्मी. तिच्या अम्मीने तो किती कौतुकाने जपून ठेवला होता! तेव्हा बिलकीसलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आपणच इतकी वर्षं हे गोड मानून घेतलं, ह्याचा तिला सगळ्यांत जास्त राग आला.

आता एकच दार उरलं होतं. तय्यबचाचाची बायको मरियमबी लग्न होऊन खतीबांच्या घरात आली तेव्हा ताजबी जिवंत होती. दुपारी दुकानात माल उतरायची वेळ साधून बिलकीस तिच्याकडे गेली. मरियमबीचं घर प्रवाळी दगडाचं, वर वारा ओढणारा बुरूज. त्याच्याखाली चटईवर ती कोळंबी सोलत बसली होती. पन्नाशीला आलेली, भरल्या अंगाची, बोलकी बाई.

"ताजबीफुफी?" तिने सूप बाजूला सरकवलं. "कित्ती वरसांनी नाव घेतलंस गो! सून म्हणून मना ती दोन वरसं लाभली. मला केस विंचरून द्यायची. आणि लिवायची. माळ्यावर तिची पेटी होती, एवढी कागदांनी भरलेली."

बिलकीस चटईवर पुढे सरकली. "छापली ती कादंबरी तिचीच ना, खाला?"

"मग कुणाची? सासरे छापखान्यात घेऊन गेले. बाईमाणसाचं नाव परक्या लोकांच्या हातात कसं द्यायचं, म्हणून आपलं घातलं. तिला काय वाटलं ते तिला ठावं. त्यानंतर सव्वीस वरसं तिनं काय छापायला दिलं नाय. पण लिवायची थांबली नाय."

"म्हणजे पेटीत दुसरं पुस्तक होतं?"

"पुस्तक नाय गो, दुआ होत्या."

"दुआ?"

"हरेक पानाच्या माथ्यावर सातशे शहाऐंशी लिवलेलं. मी कुराण शिकलेली, मराठी मना येत नाय. फुफी गेली, चाळीसावा झाला, मग हे म्हणाले, दुआंचे कागद आहेत, घरात पायदळी नकोत, ठंडे कर." मरियमबीच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "मी हातपाय धुऊन वजू केला, पांढऱ्या कपड्यात बांधले, दगड लावला. तांडेलाबरोबर स्वतः मचव्यात बसून खाडीच्या तोंडाबाहेर गेले. बिस्मिल्ला म्हणून सोडले. मोठं सवाबाचं, पुण्याचं काम झालं माझ्या हातून."

 ७८६, म्हणजे आकड्यांतलं बिस्मिल्ला, बिलकीससुद्धा लिहायची. वाण्याच्या यादीवर, जहूरच्या पत्रावर, मुलीच्या पाटीवर. ताजबीनेही तसंच लिहिलं असणार, हात कागदावर टेकायच्या आधी, सवयीने. आणि अल्लाचं नाव असलेला कागद कोकणात कुणी चुलीत घालत नाही, कचऱ्यात टाकत नाही. तो पाण्यात सोडतात, ठंडा करतात. मरियमबीच्या जागी ती असती तर तिनेही अगदी हेच केलं असतं. ह्या बाईवर रागावता येत नव्हतं.

मग तिला एक गोष्ट खटकली. "खाला, चाचांना तर मराठी येतं."

"येतं की. मॅट्रिक आहेत."

"त्यांनी ते कागद बघितले होते?"

"बघितले म्हणजे? तीन दिवस माळ्यावर वाचत होते. जेवणसुद्धा वर नेलं मी. उतरले ते तोंड काळंठिक्कर. म्हटलं, फुफीची आठवण आली असेल." मरियमबी बोलता बोलता थांबली. तिच्या हातातली कोळंबी तशीच राहिली. "दुआ वाचून माणूस काळा कशाला पडेल गो?"

बिलकीसने सांगितलं. दुआ चार पानांच्या असतात, पेटीभर नसतात. सव्वीस वर्षं ती बाई लिहीत होती, आणि जिथे राहत होती त्या घराबद्दलच लिहीत असणार. तय्यबचाचांना जाळायचं धाडस झालं नाही, कारण पानावर ७८६ होतं. फेकायचंही झालं नाही. म्हणून त्यांनी ते काम, मराठी न येणाऱ्या, वजू करून बसलेल्या वीस वर्षांच्या बायकोकडून करून घेतलं.

 मरियमबीने उठून हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले.

"माझ्या ईमानाचा दगड बांधला त्यांनी," ती म्हणाली. "अठ्ठावीस वरसं मी त्याचा सवाब मोजतेय. जुम्म्याला मी येतेय. कुणाला बोलू नको."

त्या जुम्म्याला पडद्यामागे जागा उरली नव्हती. मरियमबी सहसा बैठकीला येत नसे, तिला बघून बायकांची कुजबुज झाली. बाहेर कमरुद्दीनने विचारलं, "पान सातचं काय? बिलकीसबहेन, पुरावा मिळाला?"

"मिळाला," मरियमबी म्हणाली. "मी आहे पुरावा. ताजबीफुफीला लिवताना मी बघितलंय. पहिलं पुस्तक तिचं. दुसरं समुद्रात आहे, माझ्या हाताने."

"घरी चल," तय्यबचाचाचा आवाज आला.

"नाय." आणि मग मरियमबीने ते केलं जे वेळण्याच्या कुठल्याच बाईने चारचौघांत केलं नव्हतं. तिने नवऱ्याचं नाव घेतलं. "तय्यब! कुराणाची कसम घेऊन सांगा, त्या कागदांवर दुआ होत्या का?"

पडद्यामागे खैरुन्निसाने बिलकीसचा दंड एवढा घट्ट पकडला की तिथे वळ उठला.  तय्यबचाचाने कसम घेतली नाही. चपला सरकल्याचा आवाज आला, आणि तो निघून गेला.

कमरुद्दीन वाईट माणूस नव्हता, सेक्रेटरी होता. घसा साफ करून म्हणाला, "ठीक आहे. असं छापू, 'मरहूम अलीमियाँ खतीब यांच्या भगिनी.' दोन्हीकडचा मान राहील."

बिलकीस उठली आणि पडद्याच्या कडेशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात आठ पानं होती, तिने ताजबीवर लिहिलेली. स्मरणिकेत तोवर दुसऱ्या कुणी काही लिहून दिलं नव्हतं. होत्या त्या फक्त जाहिराती आणि हाजी लोकांचे फोटो.

"भगिनी, बेवा, हमशीरा, दुख्तर, सगळं झालंय भाईजान. त्यासाठी हे लिहिलेलं नाही. ताजबी. तीन अक्षरं आहेत. ती घालायची तर हे घ्या, नाहीतर पान सात कोरं छापा. आणि खाली लिहा, कोरं का ते."

"अगो, जरा…" युसुफ म्हणाला.

मग तोच कमरुद्दीनकडे वळला. "लिहा भाईजान. नोकरी गेली तर अल्ला मालिक आहे. घरात करपलेल्या भाकऱ्या मी आता खाऊ शकत नाही."

लोक हसले, आणि त्या हसण्यात कमरुद्दीनने पानं घेतली.

स्मरणिका जूनमध्ये आल्या. चाळीस प्रती, तपकिरी कागदात बांधलेल्या. वाटायचं काम कमरुद्दीनने बिलकीसलाच दिलं, तिला बरं वाटावं म्हणून. तिने गठ्ठा सोडून पान सात उघडलं. 'आपल्या गावच्या पहिल्या कादंबरीकार, ताजबी.' मोठ्या टाइपात, नीट. तिने बोटाने अक्षरं चाचपली. मग लेख वाचत शेवटाला आली, आणि शेवटचा परिच्छेद नव्हता. दुसऱ्या कादंबरीचा, पेटीचा, माळ्यावरच्या तीन दिवसांचा. त्याच्या जागी एक वेलबुट्टी होती. कमरुद्दीनने जागा कमी पडली असं सांगायचं ठरवलं असणार. ती वेलबुट्टी चांगली चार बोटं उंच होती.

ती कमरुद्दीनकडे गेली नाही. त्याने काय सांगितलं असतं ते तिला पाठ होतं. मुलीला युसुफकडे देऊन ती दौत-टाक घेऊन बसली. प्रत्येक प्रतीत, त्या वेलबुट्टीवर आडवं, तिने शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं:

"ताजबीने दुसरी कादंबरीही लिहिली होती. ती तिचे भाचे तय्यब खतीब यांनी वाचली, आणि दुआ आहेत असं खोटं सांगून पत्नी मरियमबी यांच्याकडून समुद्रात बुडवली. मरियमबी यांनी हे स्वतः जमातीसमोर सांगितलं आहे."

दहाव्या प्रतीला बोटं आखडली. विसाव्याला युसुफने टाक मागितला. "माझं अक्षर बरं नाही, पण दे."

"नको," ती म्हणाली. "मरियमखालाला बोलवा. तिला लिहिता येत नाही, पण शाई टिपता येईल."

मरियमबी आली. टीपकागद दाबत दोघींनी अडतीस प्रती संपवल्या. एकोणचाळिसावी बिलकीसने शाळेच्या कपाटासाठी वेगळी काढली आणि तिच्यातही लिहिलं. चाळीसावी तय्यबचाचाची होती. बिलकीस क्षणभर थांबली, तर मरियमबी म्हणाली, "त्यांचा चष्मा जुना झालाय गो. जरा मोठ्या अक्षरात लिव."