झाडलेली खोली

सुरेखाला कोळ्याची भीती वाटायची. तांदळाएवढा कोळी भिंतीवर दिसला तरी ही चाळिशीतली, दोन लेकरांची आई पलंगावर चढून पदर आवळून उभी राहायची. तो चावत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. ठाऊक असून काय उपयोग? भीतीला कुठं अक्कल असते. त्यात जैनाचं घर, फवारा मारायची सोय नाही. नवरा अभिनंदन कोळ्यावर वाटी पालथी घालून, खालून लग्नपत्रिका सरकवून त्याला अंगणात सोडून यायचा. मग पोरं आईला आठवडाभर चिडवायची.

हसण्यावारी न्यायचीच गोष्ट, पण या भीतीपायी सासरे दुरावले.

सासू गेल्यावर तात्यासो कळंब्याच्या पुढं मळ्यातल्या खोलीवर राहायला गेले. सुनेला त्यांनी लेकीसारखं वागवलेलं. एकदा ती हौसेनं गेली, तर दाराच्या चौकटीवर हा एवढा कोळी. उंबऱ्यावरनंच माघारी फिरून ती गाडीत जाऊन बसली. तात्यासो पाण्याचा तांब्या घेऊन गाडीपाशी आले. "आसू दे पोरी," एवढंच म्हणाले.

यंदा श्रावणात त्यांचा फोन आला. "खोली सगळी झाडून घेतलीया. जाळं औषधालाबी न्हाय. एक दिस जेवायला ये की."

"बघते तात्या. ब्लाऊजची शिलाई लई पडलीया," ती म्हणाली. शिलाई होती, पण इतकी नव्हती.

मन खायला लागलं म्हणून तिनं घरच्या गुळाच्या पुरणपोळ्या करून अभिनंदनबरोबर धाडल्या. डबा जसाच्या तसा परत आला. "नको म्हणाले. कारण काय सांगंनात," अभिनंदन म्हणाला. गोडाचा एवढा शौकीन माणूस आणि आपल्या हातची पोळी परत पाठवतो? रुसलेत, असं तिनं धरून घेतलं. मग तिलाही राग आला. फोन नाही, चौकशी नाही.

दिवाळीच्या तोंडावर तात्यासो झोपेतच गेले.

रक्षाविसर्जन उरकून घरची मंडळी मळ्यावर आली, तेव्हा सुरेखा पहिल्यांदा त्या खोलीत शिरली. आढं, कोनाडे, सगळं लख्ख होतं. मळ्यात राबणारी बनाबाई तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "वैनी, जाळी तात्यांनी तुमच्यासाठी काढली. चातुर्मासात जीव दुखवू न्हाय, तरी काढली. एकेक कोळी कागदावर घिऊन बांधावर सोडत हुते. हात थरथरायचा, त्यात दोन मेलं. मग महाराजांकडं जाऊन प्रायश्चित्त घेतलं. वरीसभर गूळ सोडला. कुणाला सांगू नगं म्हणाले. सुनंच्या जिवाला लागंल, म्हणाले."

सुरेखा तिथंच खाली बसली. डबा का परत आला ते आता कळलं. आपण नुसतं विचारलं असतं तरी पुरे होतं, या विचारानं तिला स्वतःचीच चीड आली.

खिडकीच्या कोपऱ्यात एका कोळ्यानं नवं जाळं विणायला घेतलं होतं. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. बाहेरनं अभिनंदन हाका मारत होता. ती उठली नाही. थरथरत का होईना, बसून राहिली. एवढं तर श्रावणातही जमलं असतं. तात्यासोंनी ताट वाढलं असतं, तिनं भीत भीत चार घास खाल्ले असते, तेवढ्यानंही म्हातारा सुखावला असता.